पावशेर मोठा की अदपाव?



आमच्या वस्तीतली गोष्ट आहे. नाव सांगत नाही, कारण असे घर तुमच्याही गल्लीत असेल. घरचा कर्ता कंत्राटावर कामाला जातो, त्याची पत्नी दोन ठिकाणी धुणीभांडी करते, मुलगा पाचवीत आहे आणि मुलगी दुसरीत. काही महिन्यांपूर्वी एक टापटीप कपड्यांतला तरुण त्यांच्या दारात आला. त्याने मुलाला समोर बसवून चार प्रश्न विचारले. दोन आले, दोन आले नाहीत. मग तो आई-बापाकडे वळून म्हणाला, "मुलगा हुशार आहे हो, पण मागे पडतोय. आत्ताच लक्ष दिलं नाही तर पुढे तुम्हालाच वाईट वाटेल."

ज्या बापाची स्वतःची शाळा अर्ध्यात सुटली, त्याच्या काळजाला असे वाक्य कुठे जाऊन लागते, हे आम्ही सांगायला नको. त्याच संध्याकाळी सही झाली. टॅबलेट घरात आला, त्यात शिकवणीचे ॲप आले, आणि दर महिन्याला खात्यातून हप्ता कापला जाऊ लागला. आपण सही केली ती कर्जाच्या कागदावर, हे त्यांना पुढे कळले.

परवा आम्ही काही कामानिमित्त त्यांच्याकडे बसलो होतो. मुलगा तीन दिवस शाळेत गेला नव्हता, म्हणून त्याच्या पालिकेच्या शाळेतल्या बाई चौकशीला आल्या. चहा होईपर्यंत बाईंनी सहज विचारले, "काय रे, एक-चतुर्थांश मोठा की एक-अष्टमांश?"

पोरगा ताडकन म्हणाला, "अष्टमांश, बाई. चारापेक्षा आठ मोठे."

बापाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बाई, टॅबलेटवर त्याला अपूर्णांकात पाचपैकी पाच तारे मिळालेत."

"मिळाले असतील, दादा," बाई म्हणाल्या. त्यांनी आपला साधा मोबाइल काढला आणि एक चित्र उघडले. पडद्यावर एक गोल होता. बोटाने वाढवले की त्याचे चार तुकडे होत, आणखी वाढवले की आठ होत. "आता यातला एक तुकडा उचल. आता त्यातला उचल. कुठला मोठा?" पोरगा दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला दिसत होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. एवढ्यात शेगडीपुढून आई म्हणाली, "अरे, मी तुला कधी पावशेर मिरची आणायला सांगते, कधी अदपाव. पिशवीत जास्त कुठली येते?"

"पावशेर."

"मग? किलोचे चार भाग केले की पावशेर, आठ केले की अदपाव."

पोरगा थांबला, पुन्हा पडद्याकडे पाहिले, आणि खुदकन हसला. त्याला कळले होते. बाई म्हणाल्या, "आई, उद्या वर्गात मी हेच सांगणार आहे, तुमच्या मिरचीसकट." बापाने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "बाई, तुमच्या मोबाइलमधलं हे कितीला मिळतं?"

"काही पडत नाही, दादा. फुकट आहे."

"फुकट? मग आम्ही हप्ता कशाचा भरतोय?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथे देता आले नाही. म्हणून या आठवड्याचे सदर आम्ही त्याच प्रश्नाला दिले आहे. आमच्या वाचकांत शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. संध्याकाळी विहारात मुलांची अभ्यासिका चालवणारे तरुणही आहेत. आणि त्याहून अधिक आहेत ते पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणारे आई-बाप. तिघांनीही हे वाचावे.

फुकट आहे, म्हणजे खोटे आहे का?

आपल्या माणसांचा फुकट या शब्दावर विश्वास नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. फुकटाच्या नावाखाली ते बऱ्याचदा फसले आहेत. म्हणून आधी हे सांगितले पाहिजे, की शिक्षणाची ही साधने फुकट का आहेत.

काही साधने सरकारने केली आहेत, म्हणजे ती तुमच्या-आमच्या करातून झाली आहेत. काडेपेटीपासून चपलेपर्यंत जे काही आपण विकत घेतो, त्यात कर भरतोच. तेव्हा ती फुकट नाहीत, त्यांचे पैसे आपण आधीच दिले आहेत. काही साधने विद्यापीठांनी केली आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने २००१ साली जाहीर केले, की आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य आम्ही इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करू. पुढच्याच वर्षी, २००२ साली, युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला मुक्त शैक्षणिक साधने असे नाव मिळाले. त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवानेही निघाले. या परवान्याचा अर्थ सोपा आहे. लेखक म्हणतो, हे माझे आहे, पण तुम्ही खुशाल वापरा, वाटा. माझे नाव तेवढे ठेवा. पुस्तकाची झेरॉक्स काढताना जो संकोच वाटतो, तो इथे वाटण्याचे कारण नाही. आणि काही साधने देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनी केली आहेत.

थोडक्यात, हे साहित्य कोणी उपकार म्हणून टाकलेले नाही. ते सर्वांसाठीच केलेले आहे.

दप्तरातच असलेले साधन

सुरुवात मुलाच्या दप्तरापासून करा. बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. त्याला क्यूआर कोड म्हणतात. भाजीवाल्याला पैसे देताना आपण जो चौकोन मोबाइलने टिपतो, त्याच्याच जातकुळीचा. फरक एवढाच की इथे पैसे जात नाहीत, उलट धडा येतो. दीक्षा नावाचे सरकारी ॲप मोबाइलवर घ्यावे आणि त्यातून तो चौकोन टिपावा, म्हणजे त्या पाठाशी जोडलेली चित्रफीत, खेळ किंवा प्रश्न समोर येतात. दीक्षा हे केंद्र सरकारचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले. एनसीईआरटी ते चालवते आणि राज्ये त्यात आपापल्या भाषेतले साहित्य घालतात. शिक्षकांची प्रशिक्षणेही त्यावर होतात. धडा एकदा ॲपमध्ये उतरवून ठेवला की नंतर नेट नसले तरी तो दाखवता येतो.

क्यूआर कोडची गोष्ट निघाली की सोलापूर जिल्ह्याचे नाव घ्यावेच लागते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर असे कोड लावून मुलांना कविता, चित्रफिती आणि गृहपाठ मिळवून दिला. राज्याने पाठ्यपुस्तकांवर कोड छापले ते त्यानंतर. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिला. हे घडले ते एका खेड्यातल्या शाळेत. राजधानीतल्या बड्या शाळेत नव्हे, हे आपल्या शिक्षक भावंडांनी ध्यानात ठेवावे.

पुस्तक फाटले, हरवले, किंवा गावाहून मुलगा मध्येच शहरात आला आणि त्याला पुस्तकच मिळाले नाही, तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकाची प्रत उतरवून घेता येते. ऊसतोडीला, वीटभट्टीला आई-बापाबरोबर फिरणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना या एका सोयीचे मोल अधिक कळेल.

वाचायला पुस्तक नाही, अशा वर्गासाठी

आमच्या लहानपणी शाळेत गोष्टीची पुस्तके कपाटात कुलपात असत आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे असे. मूल वाचायला शिकते ते वाचूनच, आणि नुसते पाठ्यपुस्तक पुन्हा पुन्हा वाचून त्याला वाचनाची गोडी लागत नाही. त्यासाठी प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरतादिनी, स्टोरीविव्हर सुरू केले. चित्रांच्या गोष्टी, पायरीपायरीने लावलेल्या. पहिल्या पायरीवर एका पानावर एखादे वाक्य, चौथ्या पायरीवर भरपूर मजकूर. मराठीत गोष्टी आहेतच, शिवाय देशातल्या कितीतरी भाषांत आहेत. त्या वाचता येतात, उतरवता येतात, छापता येतात, आणि शिक्षकाला वाटले तर आपल्या भाषेत अनुवादही करता येतात.

शेवटची सोय विशेष मोलाची आहे. घरी मूल गोंडी बोलते, पावरी बोलते, नाहीतर वऱ्हाडी ढंगात बोलते आणि शाळेत आल्यावर गप्प बसते. बाईंनी एखादी गोष्ट त्याच्या घरच्या बोलीत करून वाचली, तर त्या मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते एकदा पाहाच.

मोठ्या मुलांच्या शिक्षकांसाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेले ते जाडजूड खंड एकेकाळी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊन पाहावे लागत. आज निबंधासाठी, भाषणासाठी, सामान्यज्ञानासाठी त्यातली नोंद खेड्यातल्या शिक्षकाच्या हातात येते.

प्रयोगशाळा नाही, तरी प्रयोग

बाईंनी दाखवलेला तो गोल कुठला होता, हे आता सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २००२ साली त्यांनी शिकवण्याच्या कामासाठी फेट नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात विज्ञानाचे आणि गणिताचे प्रयोग पडद्यावर स्वतः हलवून पाहता येतात. तारा जोडून दिवा पेटवा, तार तोडा, दिवा विझेल. पाणी तापवा, कण धावू लागतील. तराजूवर वजने ठेवा. यातले बरेच प्रयोग उतरवून ठेवता येतात आणि काही मराठीतही आहेत. वर्गात वीजमंडल शिकवायचे आहे आणि शाळेत एक बॅटरीसुद्धा नाही, अशा शिक्षकाला हा मोठा आधार आहे.

तरी पडद्यावरचा दिवा आणि हातात पेटलेला दिवा यांत फरक आहेच. तिथे आपल्या पुण्याचे नाव घ्यावे लागते. आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद गुप्ता यांनी पुढे आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात वर्षानुवर्षे एकच ध्यास घेतला: कचऱ्यातून खेळणी आणि खेळण्यातून विज्ञान. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेतली की त्रिकोण, चौकोन, घन तयार होतात. त्रिकोण दाबून मोडत नाही आणि चौकोन मोडतो, हे मुलाच्या बोटांनाच कळते. शीतपेयाच्या नळीची पिपाणी होते. नळी कापत गेले की सूर बदलतो आणि ध्वनीचा धडा होतो. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर अशा खेळण्यांच्या चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके कोणतेही शुल्क न घेता ठेवलेली आहेत. बाईंनी मोबाइलवर एकदा पाहावे, मोबाइल पिशवीत टाकावा, आणि वर्गात जाऊन चाळीस मुलांच्या हातांनी ते करून घ्यावे. साधन वापरण्याची यापेक्षा चांगली रीत आम्हाला ठाऊक नाही.

गणिताच्या शिक्षकांसाठी जिओजेब्रा आहे. ऑस्ट्रियातल्या झाल्ट्सबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने ते तयार करायला घेतले. पडद्यावर त्रिकोण काढा, त्याचा एक कोपरा बोटाने धरून कुठेही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. पाठ करायला लावलेले प्रमेय मूल आपल्या डोळ्यांनी तपासते. आणि सलमान खान, सिनेमातले नव्हेत, यांनी आपल्या नात्यातल्या मुलीला दुरून गणित शिकवता शिकवता उभी केलेली खान अकादमी आहे. तीही ना नफा तत्त्वावर चालते. इंग्रजीबरोबर हिंदीतही तिचे धडे आणि सराव आहेत. नववी-दहावीच्या अभ्यासिकेला ती उपयोगी पडेल.

नेट नाही, मोबाइल एकच आहे

आता वाचक म्हणतील, हे सगळे ठीक, पण आमच्या घरी मोबाइल एक, आणि तो घेऊन बाप सकाळी सहाला ड्यूटीवर जातो. खरे आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हे आपण सगळ्यांनी भोगले. ज्याच्या घरी मोबाइल त्याची शाळा सुरू, ज्याच्या घरी नाही तो बाहेर. एकाच वर्गात दोन पंगती पडल्या. तो काळ सरला, पण पंगती मोडल्या आहेत असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून शिक्षकांना आमचे पहिले सांगणे असे, की ही साधने वर्गात आणावीत, घरी पाठवू नयेत. बाईंच्या एका मोबाइलवर पाच मिनिटांची चित्रफीत गटागटाने सगळ्या वर्गाला दाखवता येते. शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर उत्तमच. उद्या काय दाखवायचे ते आज रात्री घरून उतरवून ठेवावे, म्हणजे वर्गात नेट शोधत बसावे लागत नाही. चाचणीसाठी गूगल फॉर्म सोयीचा आहे; उत्तरे आपोआप तपासली जातात आणि शिक्षकाचा वेळ वाचतो. पण ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना तेच प्रश्न कागदावर द्यावेत, आणि दोघांना सारखेच मानावे.

ज्या घरी मोबाइल नाही पण टीव्ही आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२० साली पीएम ई-विद्या ही योजना आणली. इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात. छत्री आणि डबा एकदा घेतला की त्याला महिन्याचे भाडे नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांना थोडे संगणकाचे ज्ञान असेल, तर त्यांनी कोलिब्री या साधनाची माहिती घ्यावी. एका साध्या संगणकात धडे, प्रयोग आणि गोष्टी एकदा भरून ठेवल्या, की आसपासची मुले इंटरनेटशिवाय ते सगळे वापरू शकतात. देणगीत एखादा जुना संगणक मिळाला तर पुतळ्याशेजारच्या खोलीत धूळ खात ठेवण्यापेक्षा हे काम बरे.

फुकटातले काटे

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फुकट म्हणून जे जे दिसते ते सगळेच वर सांगितलेल्या जातीचे नसते. आई-बापांनी आणि शिक्षकांनीही चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, ॲप सुरू करताच ते मुलाचे नाव, फोटो, जन्मतारीख, आई-बापाचा नंबर मागते का? अपूर्णांक शिकायला बापाचा नंबर कशाला लागतो? तो नंबर गेला की दुसऱ्या दिवसापासून विक्रीचे फोन सुरू होतात. संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. ती तरतूद आपल्यासाठी आहे. विचारल्याशिवाय देऊ नका, आणि विचारले तरी कशासाठी ते विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, पहिले सात दिवस फुकट आणि मग पैसे, असे तर नाही ना? सातव्या दिवशी आपण विसरतो, ॲप विसरत नाही.

तिसरी गोष्ट, धड्याच्या मध्ये जाहिराती येतात का, आणि एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते का? अभ्यासाला बसलेले मूल अर्ध्या तासाने कुठल्या कुठे पोचलेले असते. उतरवून ठेवलेल्या धड्यात हा धोका नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: दारात आलेल्या माणसाने घाई केली, आजच सही करा म्हटले, तर सही करू नये. कागदाची प्रत मागून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवावी. त्यावर कर्ज हा शब्द आहे का, ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे. ज्याला आपल्या मुलाची खरोखर काळजी आहे, तो एक दिवस थांबेल.

शाळेला विचारण्याचा हक्क

पुष्कळ शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर किंवा संगणक आलेले आहेत. काही ठिकाणी ते रोज वापरले जातात, काही ठिकाणी ते कापडाखाली झाकलेले आहेत. कुठे वीजबिल थकले आहे, कुठे वायर तुटली आहे, कुठे शिकवले कोणी नाही. अशा वेळी आपण काय करू शकतो, असे वाचक विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यातल्या २१ व्या कलमानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तीन चतुर्थांश म्हणजे किती, हे आता आमच्या गोष्टीतला पोरगाही सांगेल!

तेव्हा आपल्या माता-भगिनींनी या समितीत जावे, नुसती सही करून परत येऊ नये. विचारावे, टीव्ही चालतो का? आठवड्यातून किती वेळा लावतात? पुस्तकावरचा कोड कधी उघडून दाखवला का? विचारताना आवाज चढवण्याची गरज नाही. बाई-गुरुजी आपलेच आहेत, त्यांच्या डोक्यावर पन्नास कामे आहेत. कित्येक शिक्षक स्वतःच्या खिशातून नेट पॅक भरून मुलांना धडे दाखवतात. समितीने शाळेच्या खर्चातून त्याची सोय करता येते का ते पाहावे. शिक्षकाला अडचणीत न आणता त्याच्या पाठीशी उभे राहिले, तर झाकलेले कापड लवकर निघते.

साधन कोणाच्या हातात आहे

शेवटी त्या घरातल्या प्रसंगाकडे वळू. टॅबलेटवरही अपूर्णांकाची चित्रफीत होती, चांगली रंगीत होती. पोराने ती पाहिली, तारे मिळवले, आणि त्याची समजूत चुकीची ती चुकीचीच राहिली. का? कारण त्याला काय कळलेले नाही, हे त्याला विचारणारे तिथे कोणी नव्हते. बाईंच्या मोबाइलमधले साधन फुकट होते म्हणून चालले, असे नाही. ते चालले, कारण बाईंना पोराची चूक कुठे आहे ते एका प्रश्नात दिसले आणि त्या चुकीपुढे ठेवायला नेमके चित्र त्यांच्याजवळ होते. आणि तेवढ्यानेही पुरे झाले नव्हते. आईच्या मिरचीच्या पिशवीने ते पुरे केले. जी आई शाळेत फारशी गेली नाही, तिला अपूर्णांक येत होते. ते आजवर तिला कोणी विचारले नव्हते एवढेच.

म्हणून बापाच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की हप्ता आपण भीतीचा भरतो. आपले मूल मागे पडेल ही भीती खरी आहे, तिला हसण्यासारखे काही नाही. पण त्या भीतीचा इलाज विकत मिळत नाही. चांगली साधने खुली पडली आहेत. ती ओळखणारा शिक्षक आणि त्या शिक्षकाशी बोलणारे आई-बाप, ही जोडी जिथे जमते तिथे मूल पुढे जाते.

त्या घरचे हप्ते अजून राहिले आहेत, ते भरावेच लागतील. पण टॅबलेट आता त्यांचा आहे. बाईंनी सांगितल्यावरून त्यात मराठीतल्या गोष्टी उतरवून घेतल्या आहेत. परवा संध्याकाळी आम्ही दारावरून जाताना दुसरीतली धाकटी आईला एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवत होती. आई भाकरी थापत ऐकत होती, आणि एका शब्दाला पोर अडखळली तेव्हा भाऊ आतून म्हणाला, "थांब, सांगू नकोस. वाचू दे तिला."

या आठवड्यात वाचकांनी एवढेच करावे. आज रात्री मुलाच्या पुस्तकातला तो ठिपक्यांचा चौकोन शोधावा आणि त्याच्याबरोबर बसून एकदा उघडून पाहावा. उघडला नाही, तर उद्या शाळेत जाऊन बाईंना विचारावे. त्या निमित्ताने तुमची आणि बाईंची गाठ पडली, तरी आमचे हे सदर लिहिल्याचे सार्थक झाले.